तिसऱ्या मजल्यावरचा उजेड

विमलमावशी,

तुमची शेवटची कथा माझ्या लॅपटॉपवर आहे आणि मी ती अजून पाठवलेली नाही. संपादकांचे तीन फोन येऊन गेले. पहिला तुमचे दिवस व्हायच्या आधीच आला, म्हणून मला त्यांचा राग आला होता. पण बोलता बोलता ते रडायला लागले, मग राग टिकला नाही. म्हणाले, "शेवटची दोन पानंच राहिलीयेत ना? तू लिही. तुझ्याइतकं त्यांचं कोणी ऐकलेलं नाही. वर त्यांची नेहमीची ओळ टाकतो."

नेहमीची ओळ म्हणजे ‘घटना काल्पनिक, उजेड खरा’. दिवाळी अंकात तुमच्या प्रत्येक भयकथेच्या नावाखाली ती छापून यायची. वाचकांना ती गंमत वाटायची, तुमच्यासाठी तो नियम होता. भूत खोटं चालेल, खून खोटा चालेल, पण कथेत पडलेला उजेड कोणीतरी खरोखर पाहिलेला असला पाहिजे. आधी तो तुम्ही पाहायचात. डोळे गेल्यावर तुमच्यासाठी मी.

या कथेतला उजेड मी पाहिलेला नाही. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुमची ती ओळ लावून ही कथा कशी पाठवू, हे मला ठरवता येत नाहीये, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. समोर बसून सांगायला माझ्याकडे तीन महिने होते.

मी तुमच्याकडे आले ती आईमुळे. तुम्ही आईच्या ऑफिसातल्या सीनियर. शनिवारी वाचून दाखवायला आणि सांगाल ते टाइप करायला तुम्हाला कोणी हवं होतं. आई म्हणाली, "मानपाड्याहून नौपाडा काय लांब आहे? नुसती मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस, मराठी तरी सुधारेल." माझं मराठी इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीचं. बोलायला ठीक, मोठ्याने वाचायला फजिती. पहिल्या शनिवारी मी एक परिच्छेद वाचला आणि तुम्ही म्हणालात, "अगं ईशा, भयकथा आहे ती. औषधाच्या बाटलीवरचं वाचल्यासारखी वाचते आहेस." आणि स्वतःच हसलात. मला अनोळखी माणसांसमोर हसायला वेळ लागतो. मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

तुम्हाला माझा चेहरा कधीच दिसला नाही. समोरच्या माणसाच्या तोंडाच्या जागी तुम्हाला राखाडी डाग दिसायचा. कडेकडेचं मात्र थोडंफार दिसायचं. म्हणून माझ्याकडे बघायचं असलं की तुम्ही माझ्या खांद्याच्या बाहेर बघायचात. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यामागे कोणीतरी उभं आहे. हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही ते पुढच्याच कथेत घातलंत.

दोन महिन्यांनी धीर करून मी माझी एक गोष्ट तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही चहा संपवलात आणि विचारलंत,

"पहिल्या पानावर अंधार किती वेळा आला?"

"चार."

"त्यातला काळाकुट्ट किती?"

"तीन."

"म्हणजे एकदा नुसताच. तो बरा आहे, तो ठेव. अगं, काहीच दिसत नसेल तर वाचक घाबरेल कशाला? कूस बदलून झोपेल."

मग तुम्ही मला दाराखालची फट शिकवलीत. बंद दार, आतल्या खोलीत दिवा, दाराखालून बाहेर आलेली उजेडाची रेघ. त्या रेघेत मध्येच दोन ठिकाणी खंड. "पाय हा शब्द लिहायचा नाही," तुम्ही म्हणालात. "वाचक स्वतः लिहील." फ्रिज उघडल्यावर खालून उजळलेलं तोंड शिकवलंत. ट्यूब लागण्याआधी दोनदा लुकलुकते, तर त्या दोन लुकलुकींत माणूस एकाच जागी आहे का, हे बघायला शिकवलंत. आणि प्रत्येक प्रसंगात तुमचे तेच प्रश्न. दिवा कुठे आहे? कोणी लावला? तो माणूस आता कुठे आहे? "सूर्य आणि चंद्र सोडले तर प्रत्येक उजेड कोणीतरी लावलेला असतो," तुम्ही म्हणायचात. "अंधार आपोआप होतो गं. उजेडामागे हात असतो. भीती त्या हाताची."

मी वाद घालायचे. मला शाळेत शिकवलेलं की उजेड म्हणजे आशा आणि अंधार म्हणजे संकट, परीक्षेत तसं लिहिलं की मार्क मिळायचे. तुम्ही विचारलंत, "आणि तुमच्या वर्गातला पंखा कसलं प्रतीक होता?" मी चिडले. म्हटलं, मला स्वतःला अंधार कधीच वाईट वाटला नाही. मी लहान असताना मानपाड्याला संध्याकाळचे लाइट गेले की आमचा अख्खा मजला गॅलरीत यायचा. मी एरवी कोणाशी बोलायचे नाही, पण तेव्हा बोलायचे, कारण कोणाला माझं तोंड दिसत नसायचं. माझ्या लहानपणातली सगळ्यात चांगली आठवण ती आहे.

तुम्ही ते ऐकलंत. मग म्हणालात, "छान आहे. कथेच्या सुरुवातीला घे. सगळे हसताहेत, गप्पा मारताहेत. मग लाइट येऊ देत. आणि एक खुर्ची रिकामी असू दे."

"मावशी, तुम्ही माझा चांगला अंधार पण घेतलात."

"घेतला नाही. आत काय होतं ते दाखवलं."

हा वाद आपला संपलाच नाही. मला अजूनही वाटतं की तुम्ही चुकत होतात. त्या अंधारात काही नव्हतं. पण आता लाइट गेले की मी खुर्च्या मोजते.

तुमचा पहिला खरा उजेड कल्याणचा होता. वडिलांच्या धान्याच्या गोदामात छपराचं एक कौल फुटलेलं आणि त्या जागी काच बसवलेली. दुपारी तिथून उन्हाची एक उभी दांडी खाली यायची आणि तिच्यात धान्याची धूळ सारखी वर जात राहायची. तुम्ही नऊ वर्षांच्या होतात. एकदा ती धूळ थांबली, असं तुम्ही मला सांगितलंत. "हवा बंद झाली असेल," मी म्हटलं. "असेल," तुम्ही म्हणालात. "मी बघायला थांबले नाही."

मी तुम्हाला दिलेला पहिला उजेड आमच्या बाल्कनीतला. पाऊस भरून आला की कारखान्यांकडचं आभाळ खालून नारिंगी होतं, आणि ढग जळत असल्यासारखे दिसतात पण आवाज काहीच येत नाही. तुम्ही तो मला पाच वेळा सांगायला लावलात. किती नारिंगी? कडा कशी? हलतो का? कथा छापून आली तेव्हा मी आईला न सांगता तो अंक विकत घेतला आणि कपाटात कपड्यांखाली ठेवला. आपण पाहिलेलं कोणाला तरी उपयोगी पडतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

म्हणजे नियम मला ठाऊक होता. मी अजाणता खोटं बोलले असं नाही.

फेब्रुवारीचा पहिला शनिवार होता. डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं की आता डोळ्यांतल्या इंजेक्शनांचा उपयोग नाही. तीन शनिवार तुम्ही एक ओळही सांगितली नव्हतीत. मी वर्तमानपत्र वाचायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. तुमच्या खिडकीसमोरची इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झालेली. गल्ली एवढी अरुंद की तुमच्या खोलीला समोर ती भिंत आणि त्या बंद खिडक्याच. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही खुर्चीतून विचारलंत, "समोर काय आहे?"

काहीच नव्हतं. चार मजल्यांच्या काळ्या खिडक्या. मला वाटलं, ‘काही नाही’ म्हटलं तर तुम्ही पुन्हा कधीच विचारणार नाही.

"तिसऱ्या मजल्यावर दिवा आहे," मी म्हटलं. "पिवळा. जुने बल्ब असायचे तसा."

तुम्ही खुर्चीत सरळ झालात. "रिकाम्या इमारतीत? कोणत्या खोलीत?"

"स्वयंपाकघर असावं. लहान खिडकी आहे."

"स्थिर आहे?"

"हो. नाही, थोडा हलतोय. वायरला लटकत असेल."

"लॅपटॉप उघड," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर दर शनिवारी दिवे लागायच्या वेळेला तुम्ही विचारायचात, "आज लागलाय?" आणि मी हो म्हणायचे. तुम्ही वकिलासारखं खोदून विचारायचात, म्हणून मी फोनमध्ये नोंदी ठेवायला लागले. किती वाजता लागला, कोणता कोपरा उजळला, कोणत्या दिवशी सावली गेली, कोणत्या दिवशी लागलाच नाही. एकदा मी सांगितलं की दिवा बाजूच्या खोलीत गेलाय, आणि तुमच्या हातावर काटा आला. मी तो बघितला. मला वाईट वाटायला हवं होतं. मला मजा आली. मी चांगलं लिहिते आहे, असं मला पहिल्यांदा वाटलं.

कथेत इंदूताई नावाची एकटी म्हातारी बाई होती. तिच्याकडे डोळ्यांत औषध घालायला मेघना नावाची मुलगी यायची आणि रोज सांगायची की समोरच्या बंद घरात दिवा आहे. सुरुवातीची दहा पानं भीती त्या खिडकीची होती. मग हळूहळू तुम्ही मला मेघनाबद्दल लिहायला सांगू लागलात. ती नेहमी खिडकीकडे पाठ करून बसते. इंदूताईला तिची फक्त कड दिसते, केसांभोवतीचा बारीक उजेड. मध्ये काळं. तिच्या तोंडावर उजेड कधीच पडत नाही.

मी टाइप करत गेले. मी स्वतः खिडकीकडे पाठ करून बसायचे, कारण प्लग खिडकीखाली होता आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही. मला काहीच खटकलं नाही. तुम्ही खोलीतलं जे असेल ते उचलता, हे माझ्या सवयीचं झालेलं. एकदा फक्त विचारलं, "मावशी, ही मुलगी वाईट आहे का?"

"कोण जाणे," तुम्ही म्हणालात. "तिच्या तोंडावर उजेड पडला की कळेल."

शेवटच्या शनिवारी आपण इथे थांबलो: इंदूताई मेघनाला सांगते, आज तू माझ्या खुर्चीत बस. खिडकीकडे तोंड करून बस. आणि काय दिसतंय ते मला पुन्हा सांग. एवढं सांगून तुम्ही दमलात. म्हणालात, "बाकीचं पुढच्या शनिवारी. ते तू सांगायचंस, मी ऐकेन." निघताना तुम्ही माझा हात धरलात, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मंगळवारी दुपारी तुम्ही झोपेत गेलात. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. मी "ओके" म्हटलं आणि समोरची शीट पूर्ण केली.

तुमचे दिवस झाल्यावर मी समोरच्या इमारतीच्या वॉचमनकडे गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. कदाचित तिथे एखादा दिवा खरंच असेल, कोणीतरी चोरून राहत असेल, आणि मग कथा पाठवता येईल, असं वाटलं असेल. पाटीलकाका इथल्याच जुन्या गावातले, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले. मी विचारलं, तिसऱ्या मजल्यावर कोणी राहत होतं का.

"आता तू पन तेच इचारतेस," ते म्हणाले. "ती समोरची आजी नाय का, गेली ती? ती पन आलती."

"कधी?"

"होलीच्या आधी. काठी टेकत आली एकटीच. मी धावत जाऊन हात धरला, म्हटलं आजी, गाडीखाली जाशील. ती म्हनते, तिसऱ्या माल्यावर दिवा कोन लावतंय? मी बोल्लो, आजी, मीटर जानेवारीतच काढून नेलं. वायर पन नाय राहिली. दिवा कुठला लागतोय?"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काय नाय. जिन्यापाशी उभी राहिली जराशी. बोल्ली, बरं झालं सांगितलंस. मग मीच घरी सोडली तिला." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तू तीच ना, शनिवारी येतेस ती? तुझं नाव घेतलं होतं तिनं."

काय म्हणून घेतलं, हे मी विचारलं नाही. मला विचारता आलं नाही.

घरी येऊन मी फाइली उघडल्या. मी प्रत्येक शनिवारची वेगळी ठेवते. होळीनंतरच्या शनिवारची फाइल अकराव्या पानापासून सुरू होते. त्यातलं पहिलं वाक्य असं आहे: ‘मेघना आज मान न वळवता म्हणाली, लागलाय.’

मग आठवलं की मी खरंच मान वळवायची सोडून दिलेली. सुरुवातीला निदान मागे वळून बघायचे आणि मग खोटं सांगायचे. नंतर स्क्रीनवरून नजरही काढायचे नाही. माझं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं, पण माझी कड दिसत होती, आणि ती हलत नव्हती.

म्हणजे मार्च, एप्रिल आणि मेमधले जेवढे शनिवार मी आले, तेवढे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही खुर्चीत बसून विचारत होतात, "आज लागलाय?" आणि एक मुलगी, जिचं तोंड तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, शांतपणे हो म्हणत होती. तुमच्या जागी बसून ती खोली मी बऱ्याच वेळा डोळ्यांपुढे आणली. दार बंद. बाहेर संध्याकाळ होत चाललेली. समोर एक काळी आकृती, जी रिकाम्या घरातला दिवा तुम्हाला दर वेळी थोडा थोडा वाढवून सांगते, आणि का सांगते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही तुमच्या सगळ्या कथांत मिळून इतकी भीतिदायक खोली लिहिली नव्हतीत.

तुमच्या भाचीला, अनघाताईला, मी काही सांगितलं नव्हतं. ती तुमचं कपाट आवरत होती आणि सहज म्हणाली, "शेवटी शेवटी तिला शनिवारी एकटीला नको वाटायचं. मला म्हणायची, तू पण येत जा गं. मी म्हटलं, अगं ईशा असते की."

"मग?"

"मग काय, काही नाही. म्हणाली, हो, असते."

मी तुमच्या साड्यांच्या घड्या घालत राहिले.

मावशी, तुम्ही मला घाबरत होतात का? की ऐकत होतात, मी कुठवर जाते ते बघायला? की मी एक दिवस स्वतःहून सांगेन म्हणून दर शनिवारी मला संधी देत होतात, आणि मी दर शनिवारी ती नाकारत होते? हात धरलात तो कशासाठी? मी तिन्ही उत्तरं लावून कथा वाचली. तिन्ही लागतात.

आधी वाटलं, फाइल डिलीट करावी. कोणाला कळणार नाही. मग वाटलं, दिवा खरा होता असंच धरून शेवट लिहावा. खिडकीत कोणीतरी उभं आहे, इंदूताई किंचाळते, संपलं. संपादक खूश होतील आणि मेघना चांगली मुलगी ठरेल. तसा शेवट मी लिहिलाही. वाचताना मला तो लगेच ओळखता आला. तो फोनमधल्या नोंदींसारखा होता.

इथवर लिहून हे पत्र मी बाजूला ठेवलं होतं. काल शनिवार. अनघाताईला विचारून मी तुमच्या खोलीत लिहायला बसले. लॅपटॉप ऑफिसातून पूर्ण चार्ज करून आणला, म्हणजे प्लगची सबब नको. पहिल्यांदाच तुमच्या खुर्चीत बसले. समोरची इमारत पाडायला घेतलीये. हिरव्या कापडामागे हातोड्यांचे आवाज चालू होते. वरचा मजला गेला, तिसराही गेलाय. जिथे मी स्वयंपाकघराची खिडकी सांगितली होती तिथे नुसतं आभाळ होतं, आणि पावणेसहाच्या सुमाराला त्यातून सरळ ऊन आत आलं. त्या खोलीत संध्याकाळचं ऊन कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं. जमिनीवरून ते पलंगावर चढलं, मग खुर्चीवर, मग माझ्या तोंडावर. मेमधलं ऊन. डोळे उघडे ठेवता येईनात. स्क्रीन पांढरी पडली, अक्षरं दिसेनात, मी बोटांच्या अंदाजाने टाइप करत राहिले.

अनघाताई दारात येऊन म्हणाली, "अगं, पडदा ओढू का? तोंड बघ किती लाल झालंय."

"राहू दे," मी म्हटलं. "थोडंच राहिलंय."

दोन पानं झाली नाहीत, अर्धंच झालं. मेघना खुर्चीत बसते. तिच्या तोंडावर ऊन पडतं. इंदूताई वाट बघते. मेघना सांगते की तिथे दिवा नाही, एकही दिवस नव्हता, आणि तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संपादकांना रात्री पाठवलं आणि लिहिलं की तुमची नेहमीची ओळ या कथेवर टाकू नका. आज सकाळी त्यांचा फोन आला. का नको, ते मी त्यांना सगळं सांगितलं. एवढं मी फोनवर आधी कोणाशी बोलले नसेन. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मग म्हणाले, "ठीक आहे, ओळ काढतो. पण पोरी, मेघना बोलते आणि कथा संपते. म्हातारी तिला काय म्हणते ते तू लिहिलंच नाहीस."

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"वाचक विचारतील."

"मी पण विचारतेय," मी म्हटलं.